जबाबातला विनोद

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारा एक गृहस्थ दर बुधवारी इंग्रजी पेपरात विनोदी सदर लिहायचा. घरात इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. इंग्रजीत लिहिलं की आपण जरा आडोशाला असतो, असं त्याला वाटायचं.

एका बुधवारी त्याने नव्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनावर लिहिलं. पाणीखात्याचे अध्यक्ष दीड तास बोलले आणि त्या दिवशी शहरात जे काही वाहिलं ते तेवढंच, असं एक वाक्य त्यात होतं.

शुक्रवारी सकाळी दुकानात फोन आला. "अकराला चौकशी कार्यालयात या."

त्याने गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. घरी कळवलं, तशी बायको शिवणाचा क्लास सोडून त्याच्याबरोबर निघाली. तिला बाहेरच्या बाकावर बसवून त्याला एकट्याला आत घेतलं.

टेबलावर त्याच्या लेखाचं कात्रण होतं. त्या वाक्याखाली लाल रेघ. अधिकारी फार अदबीने बोलत होता.

"आमचं इंग्रजी बेताचं. आपल्या भाषेत सांगा. यात हसायचं कुठे?"

कोपऱ्यातला कारकून पेन उघडून बसला.

गृहस्थाने कात्रणाकडे पाहिलं. वाक्य मराठीत आणलं की थेट अध्यक्षांच्या अंगावर जात होतं.

"मिसेस बाहेर बसल्यात ना?" अधिकारी म्हणाला. "जिन्याखालच्या खोलीत क्लास घेतात. परवानगी असेलच म्हणा."

त्याने दाराकडे पाहिलं.

"साहेब, तो... तो विनोद नाहीच," तो म्हणाला. "अध्यक्षांचं भाषण ओघवतं होतं, असं लिहिलंय. कौतुक आहे ते."

अधिकारी कारकुनाला म्हणाला, "ओघवतं. लिहा."

जबाबाच्या कागदावर त्याने सही केली.

"छान," अधिकारी म्हणाला. "येत्या बुधवारी असंच आणखी थोडं कौतुक येऊ द्या. अध्यक्षांना बरं वाटेल."

बाहेर आल्यावर दोघं चौकापर्यंत चालत गेली. मग त्याने तिला सगळं सांगितलं, क्लासचंही.

"माझ्या क्लासचं त्यांना कुणी सांगितलं?" ती एवढंच म्हणाली आणि तिने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

सोमवारी तो लिहायला बसला. अध्यक्षांच्या कौतुकाच्या चार ओळी झाल्या, त्या त्याने फाडल्या. मग संपादकांना चिठ्ठी लिहिली: प्रकृतीच्या कारणामुळे सदर बंद करतो आहे. बायकोला ती मराठीत वाचून दाखवली.

"प्रकृतीला काय धाड भरलीय तुमच्या?"

"भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "राहू दे ते प्रकृतीचं. पण कौतुक नाही लिहिलंत, ते बरं केलंत."

बुधवारी सदराच्या जागी गाद्यांची जाहिरात आली. चौकशी कार्यालयातून पुन्हा कुणी फोन केला नाही. तिने मात्र जिन्याखालच्या खोलीवरची क्लासची पाटी काढून ठेवली, आणि दुकानात फोन वाजला की तो अजूनही आधी दाराकडे बघतो.