काका, पाय दाखवा

आमच्या यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिलाईचे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत आम्ही. गिऱ्हाइकाशी बोलताना यांचा आवाज लोण्यासारखा, माझ्याशी बोलताना खरखरीत. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली आहे.

साखरेचा आजार यांना जुनाच. कोपऱ्यावरचे डॉक्टर होते तोवर काळजी नव्हती. ते वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि मोठं इस्पितळ गाठायचं म्हणजे अख्खा दिवस पाण्यात. मग परगावी असलेल्या मुलीने फोनवरच्या डॉक्टरकडे यांचं नाव नोंदवलं. खोटं कशाला बोलू, सोय झाली. जिथे साधा डॉक्टर मिळेना तिथे साखरेची तज्ज्ञ बाई घरात आली. वयाने आमच्या मुलीएवढी, बोलायला गोड, यांना 'काका' म्हणायची. तिने गोळ्या बदलल्या आणि साखर उतरली.

फोनपुढे बसायचं म्हणजे यांचा थाट. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण, केस विंचरलेले. बाई दिसल्या की आधी मान लववायची. मी म्हणायचे, "अहो, तपासणी आहे, फोटो नाही काढायचाय." "तुला काय कळतंय," हे म्हणायचे.

दुकानाच्या फरशीवर टाचण्या सांडलेल्या असतात आणि हे अनवाणी वावरतात. साखरेने पाय बधिर झालेले. टाचणी कधी रुतली, कधी चिघळली, यांना पत्ताच नाही. मला कळलं ते वासाने. पाय उचलून बघितला तर तळव्याला अंगठ्याखाली भोक आणि कडेने काळं. "आज बाईंना दाखवायचं," मी बजावलं. हो म्हणाले.

बाईंनी स्वतःहूनच विचारलं, "काका, पायाला जखम वगैरे?"

"थोडं खरचटलंय."

"दाखवा बघू."

यांनी फोन हातात घेऊन खाली वळवला. पाऊल फरशीवर टेकलेलंच. वरून पाय चांगला दिसत होता, नखंही कापलेली.

"छान आहे. आता तळवा दाखवा."

हे थबकले. मी मागून म्हटलं, "बाई, त्याला वास येतोय..." आणि यांनी अंगठ्याने फोन बंद केला.

"लाइन गेली," म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गेली की घालवली?"

"अगं, फोनमध्ये तिचं तोंड आहे. तोंडासमोर तळवा धरू? पोर आपुलकीने विचारतेय आणि मी तिला लाथ दाखवू?"

"ते तोंड नाही, काच आहे."

"ती काच माझ्याकडे बघत असते."

मी परत फोन लावला तर बाई नव्हत्या, रेकॉर्ड केलेला आवाज होता. एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी पुढल्या पंधरवड्यातली वेळ. मी म्हटलं, गाडी करू, इस्पितळात जाऊ. "बाई स्वतः म्हणाल्या छान आहे," असं म्हणून हे कापड बेतायला बसले. जित्याची खोड, दुसरं काय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलंही नसतं, पाय ओढून सरळ मांडीवर घेतला असता. हे 'नको, नको' म्हणेपर्यंत तपासून झाला असता. पाय दुसऱ्याने ओढून घेणं वेगळं आणि आपण होऊन पुढे करणं वेगळं. एवढं मला कळत होतं, पण नुसतं कळून काय उपयोग?

तापात बरळायला लागले तेव्हा नेलं. डावा पाय गुडघ्याखाली काढला. इस्पितळातल्या सर्जनने मला विचारलं, इतके दिवस काय करत होतात? काय सांगू, नवरा फार सभ्य आहे म्हणून?

मशीन पायाचं. घरी आल्यावर मी ते चादरीने झाकलं. हे त्याच्याकडे पाठ करून निजायचे. मला यांचा संताप येत होता, आणि ओरडावं इतकंही यांच्यात काही उरलं नव्हतं. त्याने जास्त रडू यायचं.

मग बाईंचा फोन आला. पुन्हा शर्ट, पुन्हा बटण. मुलीने त्यांना सगळं कळवलं होतं. "काका, टाके दाखवा."

यांनी लगेच मांडी उचलली आणि कापलेला पाय फोनपुढे धरला, अगदी जवळ. मी बघतच राहिले. त्याला आता तळवा नव्हता ना.

"जखम भरतेय छान. आता उजवा पाय."

यांनी उजवा पाय पांघरुणात ओढून घेतला. "बरा आहे तो, बाई. त्याला काही नाही."

तो पाय हे मला पुसूही देत नव्हते. मी एका हातात फोन घेतला, दुसऱ्याने यांचा घोटा धरला आणि ओढला. हे हिसका देत होते, पण आजारी माणसाचा हिसका तो. मी सोडला नाही. तळवा बाईंच्या समोर धरला. यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाई काचेजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "काकू, जरा उजेडात घ्या."

मी खिडकीकडे वळवला. टाचेवर शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग होता.

"काका, आजच्या आज इस्पितळात जा. हा पाय अजून वाचेल, पण आजच निघायला हवं. ऐकताय ना?"

हातांआडून हे मला म्हणाले, "अगं, आधी पाय खाली घे. बाई बोलतायत."