केशरबाईचा अंगठा

नंदकुमार सरांच्या वर्गात एक नियम होता. ज्याची कथा चर्चेला असेल त्याने तोंड उघडायचं नाही. प्रतींवर नाव नसे. पण गप्प कोण बसलंय यावरून सगळ्यांना कळायचंच. शेवटी लेखकाने फक्त 'धन्यवाद' म्हणायचं.

जुईनगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी आम्ही अठरा जण जमायचो. पाच महिन्यांचं कथालेखनाचं प्रशिक्षण, आणि शेवटी एकालाच वर्षभर सरांचं मार्गदर्शन आणि पुस्तकाचा करार. जाहिरात आईने कापून ठेवली होती. अर्जही तिनेच मागे लागून माझ्याकडून भरून घेतला. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते.

मी तिच्यावरच लिहिलं, होतं तसं. केशरबाई, जालन्याकडच्या खेड्यातली, दहावी झालेली. लग्न होऊन कोपरखैरण्यात आली आणि वस्तीच्या बुद्धविहारातलं वाचनालय तिने बावीस वर्षं चालवलं. पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत करणाऱ्याला ती सगळ्यांदेखत तो सरळ करायला लावायची. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तिने मला विहारात पिटाळलं, कारण तिच्या उशाखालच्या पुस्तकाची मुदत संपली होती.

चर्चेला सुरुवात वैदेहीने केली. ती माझ्या शेजारी बसायची, आम्ही डबाही वाटून खायचो.

"मला आईच पटत नाही," ती म्हणाली. "त्या वस्तीत राहून बाई चरित्रं काय वाचते, कादंबऱ्या काय वाचते. लेखिकेने आपलं वाचन बिचारीच्या डोक्यावर लादलंय."

लोक हसले. कोणी म्हणालं, ही आई कमी आणि हेडमास्तरीण जास्त वाटते. कोणाला यात घडतंय काय तेच कळेना. सरांनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग चष्मा पुसायला घेतला.

"ही बाई माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते हो. तिच्यासाठी वाचक तुमच्याकडे कशाला येईल? तुम्हा लोकांकडे जे आहे ते आमच्याकडे नाही. ते द्या ना." त्यांनी पानं उलटली. "आणि मरते कुठे, अकराव्या पानावर? फार रेंगाळते. पहिल्याच पानावर उरका."

"धन्यवाद," मी म्हणाले.

चहाच्या वेळी वैदेहीने हळूच विचारलं, तुझ्या खऱ्या आईवर तर नाही ना. नाही, मी म्हणाले, काल्पनिक आहे. तिला हायसं वाटलं. मला टेन्शनच आलं होतं बाई, म्हणाली.

नवी कथा मी नऊ दिवसांत लिहिली. तिच्यात केशरबाई वाचनालय झाडायला येते. तिला अक्षरओळख नाही. ती पुस्तकं पुसते, त्यांचा वास घेते, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर अंगठा उमटवते आणि शाईचं बोट पदराआड लपवते. पहिल्या पानावर मरते. अशा बायका मला पुस्तकांतून इतक्यांदा भेटल्या होत्या की वाचकाचा गळा कुठे दाटून येईल, हे मला पाठ होतं. मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं लेखन आहे. आजही माझं तेच मत आहे.

या वेळी कोणी हसलं नाही. वैदेहीने डोळे पुसले. आता ही बाई जिवंत झाली, असं सर म्हणाले.

माझी निवड झाली. कथा एका रविवार पुरवणीत येणार होती आणि तिच्यावर सर चार ओळी लिहिणार होते. त्यासाठी त्यांचा फोन आला.

"ही आई खरीच ना तुमची? तसं टाकतो म्हणजे."

"हो," मी म्हणाले.

'निरक्षर मातेची लेखिका कन्या' या मथळ्याखाली माझा फोटो आला. विहारातल्या कोणीतरी ते पान कौतुकाने फळ्यावर लावलं. मग वाचलं आणि काढलं.

बाबा तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेत. ओळीखाली बोट ठेवून वाचतात. त्यांना तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेपरची घडी घातली.

"अंगठा माझा होता गं," ते म्हणाले. "लग्न झालं तवा मला माझं नाव लिहिता येत नव्हतं. तुझ्या आईनं दोन महिने रोज पाटीवर गिरवून घेतलं, 'पोपट, पोपट' म्हणून. तिचा कशाला केलास?"

त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला.

"माझं लिहायचं ना. मी हाय अजून, मला चाललं असतं. ती काय आता सांगायला येनार हाय?"

पुस्तकात तरी नीट कर, एवढंच त्यांनी मागितलं. मी सरांना फोन केला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. अख्खं पुस्तक याच आईवर उभं आहे, ते म्हणाले. वाचणारी आई हवी असेल तर त्यांची काही हरकत नाही, फक्त यादीत पुढचं नाव वैदेहीचं आहे. सोमवारपर्यंत कळवा.

सोमवारी सकाळीच मी करारावर सही करून पाठवून दिली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "बोललीस का सरांशी?"

"बोलले."

"मग?"

"दुरुस्त करू म्हणाले."

ते तसेच उठले, चपला घातल्या आणि विहारात गेले. तासाभराने परतले तेव्हा पुष्कळ दिवसांनी मोकळे दिसत होते. पेपरवाल्यांची चूक झाली, पुस्तकात सगळं बरोबर येणार आहे, असं त्यांनी आईच्या मैत्रिणींना सांगितलं होतं. त्या बायकांनी पंधरा प्रती सांगून ठेवल्या. वाचनालयाला दोन वेगळ्या.

पुस्तक डिसेंबरात येतंय. त्या दोन प्रतींना कव्हर घालायला बाबांनी खाकी कागद आणून ठेवलाय.