कोऱ्या रकान्यातली पंचशीला

मित्रांनो, सीमाभागातल्या कोळार गावच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचं एक गोदाम आहे. तिथे फाटकाला लागून असलेल्या खोलीत घरघरत बसलेला जुना डिरेक्टरी सर्व्हर, तो मी. कामाला कोण आहे, कुणाला आत सोडायचं, ही सगळी माहिती माझ्याकडे असते. कुणी कार्ड टेकवलं की दार आधी मला विचारायचं आणि मगच उघडायचं. मला त्याचा भारी तोरा होता.

मला इथले जुने इंजिनिअर हणमंतप्पा यांनी उभं केलं. सुरुवातीलाच मी एका नावावर अडून बसलो. गोदामात कामाला लागलेली जनवाडा गावची पंचशीला, वडील रत्नपाल, आडनावाचा रकाना कोरा; आणि आडनावाशिवाय नोंद घ्यायची नाही, हा माझा नियम. गाव ज्या आडनावानं हिणवायचं, ते तिच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हाच टाकून दिलं होतं. "माणूस समोर उभं हाय की न्हाई? मग घे की लिहून," असं मलाच दटावत हणमंतप्पांनी माझा तो नियम बंद केला. तेव्हापासून तो कोरा रकाना मी जिवापाड जपला.

यंदा नवा सर्व्हर आला. हणमंतप्पा निवृत्त झाले होते, म्हणून काम बालाजी नावाच्या तरुण इंजिनिअरकडे आलं. माझ्यातल्या नोंदी त्यानं नव्यात भरायला घेतल्या, पण आधी थोड्या भरून बघायचं काही त्याला सुचलं नाही. नव्याचे नियम कडक. आडनावाशिवाय तो नोंद घेईना. गोदाम तर सकाळी सुरू व्हायचं होतं. बालाजीनं जनवाड्याच्या एका हमालाला विचारलं. त्यानं ते जुनं आडनाव सांगितलं आणि बालाजीनं रकाना भरून टाकला. मी नुसता बघत राहिलो. मला तोंड कुठे आहे?

सकाळी पंचशीलानं कार्ड टेकवलं. दार उघडलं. दाराजवळच्या पडद्यावर तिचं नाव आलं आणि त्यापुढे ते आडनाव. रांगेतल्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं.

"ह्ये माझं नाव न्हाई," ती म्हणाली.

"रकाना कोरा ठिवला तर मशीन घेईना, अक्का," बालाजी म्हणाला. "दार तर उघडायलंय की. नाव नंतर बघू."

"आज्यानं टाकलेलं नाव माझ्या गळ्यात घातलास. मला कामून इचारलं न्हाईस, अण्णा?"

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि ती आल्या पावली परत गेली. दार काही वेळ उघडंच होतं, मग आपोआप लागलं. ती पुन्हा आली नाही. तिच्या जागी दुसरी बाई आली आणि नाव दुरुस्त करायचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मित्रांनो, यंत्रं जरूर बदला. आम्ही जुने होणारच. पण जुनी नोंद नव्या साच्यात बसली नाही, तर ज्याची नोंद आहे त्याला आधी विचारा. पंचशीलानं त्या रकान्यासाठी वडिलांचं नाव सांगितलं असतं आणि काम झालं असतं.

आज माझी वायर काढणार आहेत. माझं मला काही वाटत नाही. पण पंचशीलाला तिच्या खऱ्या नावानं ओळखणारं ह्या फाटकावर उद्यापासून कुणीच नसेल.