बर्फातल्या डब्याचा शेजारी

मित्रांनो, मी महाडच्या एका कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो. अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो आणि १९७१ साली पेंढ्यात गुंडाळून इथे आलो. वनस्पतिशास्त्राच्या नीला मॅडम मला मऊ मलमलीने पुसत. माझ्याखाली कांद्याचा पापुद्रा पाहून मुली "अय्या!" म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात मिरवून घेत असे.

मग १९८६ साली मॅडम मुंबईहून नवे तंत्र शिकून आल्या आणि सोबत तो डबा घेऊन आल्या. त्यात पिठाची शिजवून थापलेली वडी ठेवायची, वडीत बुरशीचा किंवा पानाचा रस सोडायचा आणि वीज लावायची. मग वडी रंगवली की जांभळे पट्टे उमटतात आणि जात वेगळी असली की पट्ट्यांची जागाही वेगळी असते, म्हणे. त्याला ना डोळा, ना भिंग, पण लाड केवढे! तापू नये म्हणून त्याला बर्फात बसवत. माझी मलमल त्याचे झाकण पुसायला गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच पावसाळ्यात तुडीलची साळूबाई रडत आली. तिच्या तळ्यातल्या माशांवर कापसासारखी बुरशी चढली होती. गावाने रहूसाठी, म्हणजे मोड आणून चिखलात फेकण्यासाठी, भाताची पोती दरवर्षीसारखी त्याच तळ्यात भिजवली होती. ते बियाणेही तशाच पांढऱ्या बुरशीने कुजले. तिच्या मागोमाग शेतकरी दत्तारामही आला होता.

"हिच्या माशांनीच आमचं बी नासवलं," तो म्हणाला. "आमी तळ्याचा बांध फोडनार."

"पोटावर पाय देतोस रे! तळं गेल्यावर मी खाऊ काय?" साळूबाई म्हणाली.

मॅडमनी दोन्हींकडच्या बुरशीचे धागे माझ्याखाली ठेवले. किती दिवसांनी माझी आठवण झाली! मी जीव ओतून दाखवले. दोन्ही धागे हुबेहूब सारखे होते. दत्तारामने डोळा लावला आणि ओरडला, "बगा, येकच हाय!" मला तो माणूस फार आवडला.

"सारखे दिसतात, दत्ताराम," मॅडम म्हणाल्या. "एकच आहेत असं मी अजून म्हणणार नाही. ती पोती धुतली होती का?"

"गेल्या सालची पोती. त्यास्नी कोन धुतंय?"

मॅडमनी पोत्यांवरची बुरशीही मागवली. तिन्ही बुरश्या वेगवेगळ्या वाढवल्या. साळूबाईने मासळीबाजारातून स्वतः बर्फ आणला आणि तो डबा कामाला लागला. वीज जावी म्हणून मी देवाला साकडे घातले, पण ती गेली नाही.

बियाण्याचे आणि पोत्यांचे पट्टे एका रांगेत आले. माशांचे वेगळ्याच जागी होते. ओल्या, न धुतलेल्या पोत्यांतूनच बियाण्याला बुरशी लागली होती आणि माशांचे दुखणे निराळे होते.

"तळं ऱ्हाऊ दे गो," दत्ताराम खाली मान घालून म्हणाला. "पोती मी धुतो."

दसऱ्याला साळूबाई झेंडूचा हार घेऊन आली आणि तिने तो डब्याला घातला. मी वाट पाहत राहिलो.

"याला पण एक फूल वाहा," मॅडम म्हणाल्या. "बुरशी आहे हे आधी यानेच दाखवलं."

"दाखवलं, बाय. पन ह्याचं ऐकलं असतं तं माजं तळं गेलं असतं!"

फूल काही मिळाले नाही. आता मी कपाटात आहे आणि माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, मला कोरड्या, मऊ कापडाने पुसा आणि खुशाल माझ्यातून पाहा. मी दाखवतो ते खरेच असते. पण दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून कुणाचा बांध फोडायला निघू नका. आणखी एकाला विचारा. मला तो डोळ्यांसमोर नको असतो, तरी सांगतो, त्या डब्याला विचारा.