पालखीचा खांदा

शिमग्याची पालखी हरिहरच्या दारातल्या खळ्यात आली आणि सगळ्या वाडीदेखत त्याच्या खांद्यावरून एका बाजूला कलंडली! शेजारच्या धाकूने दांडा वेळीच सावरला म्हणून निभावलं. हरिहर मात्र धापा टाकत खालीच बसला.

त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, चाळीस वर्षं इथे पालखी नाचवली होती. गुडघे गेले म्हणून यंदा पहिल्यांदाच त्यांनी लेकाला पुढे केलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते पडवीत जाऊन बसले. हरिहरला तेच जास्त लागलं.

"हातखंब्याच्या जिममध्ये नाव घातलंय ना मी!" दुसऱ्या दिवशी तो बायकोवर डाफरला.

"नाव गेलं, तुम्ही कुठे गेलात?" सुनेत्रा म्हणाली आणि कळशा घेऊन पिण्याच्या पाण्याला निघाली.

बागेत कामाला येणारी साठीची गंगा हे ऐकत होती. डोक्यावरचा लाकडांचा भारा उतरवत ती म्हणाली, "हरिभाऊ, खांदा काय शिमग्यात उगवतो होय? तुमच्या घरात तर रोज पालखी निघते. वयनी एकट्या वाहतात ती."

"पालखी? कुठे?"

गंगाने हनुवटीनेच खाली दाखवलं. एक कळशी डोक्यावर, एक कमरेवर घेऊन सुनेत्रा विहिरीकडून पाखाडीच्या चाळीस पायऱ्या चढत होती. रोज दोन खेपा. वीस वर्षं! हरिहरने कधी मोजल्याच नव्हत्या.

दुसऱ्या सकाळी कळशी त्याने उचलली. तीनदा टेकवली, अर्धी सांडली. धाकू कुंपणावरून ओरडला, "काय हरिभाऊ, घरात नवीन सून आली वाटतं!"

हरिहरचे कान लाल झाले. कळशी मात्र त्याने सोडली नाही.

"कंबर नको, गुडघे वाकव रे," पडवीतून आप्पांचा आवाज आला. परवापासूनचे ते पहिले शब्द!

गणपतीपर्यंत टेकवणं थांबलं. हरिहरची स्कूटर वरच्या रस्त्यालाच उभी राहू लागली, जवळपासच्या कामांना तो पायीच जाऊ लागला. सुनेत्राची एक खेप कायमची सुटली.

पुढच्या शिमग्याला हरिहरने गुडघे वाकवून दांडा खांद्यावर घेतला आणि पालखी अशी नाचली की आप्पा काठी टाकून टाळ्या वाजवू लागले!

मंडळी, अंगातली ताकद सणापुरती उसनी मिळत नाही. ती आपल्याच घरच्या कामात असते. फक्त ती कामं आपण दुसऱ्याच्या, बहुतेक वेळा बाईच्या, डोक्यावर टाकून मोकळे झालेलो असतो.

"आज तरी विसावा घ्या," दुसऱ्या दिवशी सुनेत्रा म्हणाली.

तोवर हरिहर कळशी घेऊन अर्धी पाखाडी उतरला होता.