रुक्माबाई बसल्या नाहीत ती खुर्ची

मित्रांनो, मी तिरोड्याजवळच्या एका गावातली जुनी सागवानी खुर्ची आहे. दुलीचंदजींनी गावच्या सुताराकडून मला हौसेने घडवून घेतले. बसायला वेताची वीण, हातांना सुरेख वळण. तलाठी येवोत की लग्नाचे पाहुणे, मला ओसरीच्या मधोमध मांडत. "खुर्ची असावी तर अशी!" हे मी इतक्यांदा ऐकले की ते मला माझे नावच वाटू लागले.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. एकीवर एक चढून बसणाऱ्या त्या हलक्या पोरी सगळ्यांच्या लाडक्या झाल्या आणि मी धानाच्या पोत्यांमागे गेले. माझा जळफळाट तेव्हापासूनचा.

काही वर्षांपूर्वी दुलीचंदजींचा शेतावरच्या खोलीत खून झाला. पोलिसांनी आधी घरचा गडी भैयालाल याला धरून नेले. पुढे कळले, खून सख्ख्या भाच्याने, विक्कीने, जमिनीच्या लोभापायी केला होता. भैयालाल सुटला.

यंदा समीक्षा नावाची तरुण दिग्दर्शिका या खुनावर माहितीपट करायला नागपूरहून आली. मला बाहेर काढून पुसले, तेव्हा वाटले, आपले दिवस फिरले. पण तिच्या गाडीतून गादीची काळी घडीची खुर्ची उतरली! दुलीचंदजींचे भाऊ खेमराज तिच्यावर बसले. तपासाचे साहेब बसले, वकील बसले. सगळे दिवे तिच्यावर. मी कोपऱ्यात, किरकोळ माणसांसाठी. दूधवाला दोन वाक्ये बोलून उठला, शेजारची म्हातारी नुसतीच रडली. 'मोडो हिचा पाय!' मी मनातल्या मनात त्या काळीला शाप देत होते.

शेवटी भैयालालची बायको रुक्माबाई आल्या.

"बसा न मावशी," समीक्षा म्हणाली.

रुक्माबाई जमिनीवर बसल्या.

"खाली काऊन? खुर्ची आहे न."

"हे खुर्ची मी रोज पुसत होती, बाई. बसली कधी नाही. या घरात आमाले खुर्ची नाही."

आता मला शेणाने सारवलेल्या जमिनीचाही हेवा वाटू लागला.

दारातून खेमराज म्हणाले, "तिले काय विचारून रायल्या? तिले खुनाचं काय मालूम?"

समीक्षाने कॅमेरा जमिनीजवळ आणायला लावला आणि विचारले, "मावशी, पोलिसांना भैयालालचं नाव कोणी सांगितलं?"

रुक्माबाईंनी खेमराजांकडे पाहिले. "यायनंच. घरात कंगवा हरपला तरी पयले आमच्याच घराची झडती घेत. मंग मालक मेला तं दुसरा कोन दिसन? तो कायले मारन, हे कोनी पुसलं नाही. सुटून आला, तरी धानाच्या रोवन्याले आमाले कोनी बोलावून नाही रायलं."

काही महिन्यांनी माहितीपट आला. खेमराजांची मुलगी आचल हिने तो ओसरीत मोबाइलवर लावला. सुरुवातीलाच खेमराज काळीवर बसून सांगत होते, "शक तं नोकरावरच जाते." ते सगळ्यांना सरळ वाटले. पुढे रुक्माबाई बोलल्या. त्यानंतर खेमराजांचे तेच वाक्य पुन्हा ऐकवले, तेव्हा आचलने मान खाली घातली. भाचा, जमीन, लोभ, एवढीच गोष्ट उरली नव्हती. आमचे अख्खे गाव तिच्यात आले होते.

आणि मीही होते! रुक्माबाईंच्या मागे, रिकामी. कोणी बसले नाही म्हणून मी दिसले. याचा आनंद मानावा की लाज, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आचल रुक्माबाईंना घेऊन आली. मला मधोमध ओढून म्हणाली, "बसा, मावशी."

रुक्माबाई उभ्याच राहिल्या. खेमराजांना म्हणाल्या, "मालक, पयले तुमी म्हना का, भैयालालचं नाव घेतलं ते चुकलं. मंग बसतो."

खेमराज चपला घालून बाहेर निघून गेले. रुक्माबाई आल्या तशा गावाबाहेरच्या मजुरांच्या टोलीवर परतल्या. आचल त्यांच्या मागोमाग गेली आणि त्यांच्या घरी चटईवर बसून चहा प्याली, म्हणे. त्या फाटक्या चटईवर मी आजही जळते.

मित्रांनो, मला जरूर पॉलिश करा, माझी वीण बदला, वाळवीपासून मला जपा. पण मला रोज पुसणाऱ्या बाईच्या घराला तुम्ही चोर ठरवले असेल, तर आधी तिची माफी मागा आणि मगच तिला 'बसा' म्हणा. तोवर मी रिकामीच बरी.