गुणवंतरावांचं चालतं कुंपण

आमच्या गावात माणसं पायानं चालायची आणि गुणवंतरावांचं कुंपण बिनपायाचं चालायचं. दरवर्षी मृग लागला की हा गृहस्थ शेराच्या झुडपाच्या हातभर कांड्या तोडायचा आणि जुन्या रांगेच्या पुढे, आमच्या वाडीच्या, म्हणजे परसाच्या, बाजूला, खोचत जायचा. शेराला काय, ओली माती मिळाली की पुरे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कारण कांडी मोडली की जहाल दूध निघतं. पोळ्यापर्यंत नवी रांग मूळ धरायची. उन्हाळ्यात तो जुनी रांग उपटून टाकायचा, की झालं, आमची हातभर जागा त्याच्या पोटात.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, होती तोवर हा मालगुजाराचा कारभारी होता. गावभर दरडावत हिंडायचा आणि मालक दिसला की कमरेत वाकायचा. मालगुजारी बुडाली, मालक नागपूरला निघून गेला, हा मात्र काळी टोपी घालून ओसरीवर बसून राहिला. आधी सगळ्या गावावर हुकूम चालायचा, आता कुणी विचारीना, म्हणून दुसऱ्याच्या वाडीतली हातभर माती चोरायची! जित्याची खोड ती. चोरी करायची तर निदान ऐटीत करावी. हा कांड्या खोचून चोरणार आणि वर म्हणणार, "कुप जितं हाये, वाढंनच."

माझा नवरा लटारू. नाव घेतलं म्हणून कुणी कानावर हात ठेवू नका. त्या माणसानं नाव न घेण्याएवढा दरारा कधी ठेवलाच नाही. मी काही बोलले की म्हणायचा, "जाऊ दे ना वं. मोठी मानसं हायेत." मोठी! टोपी काढली तर माझ्या खांद्याला लागेल एवढा तो मोठा माणूस.

भाजीच्या वाफ्याएवढी जागा गेली, तोवर मीही दात-ओठ खाऊन गप्प बसले. पण त्या वर्षी नवी रांग आमच्या मोहाच्या झाडाच्या अलीकडून लागली. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात जुनी रांग निघाली की मोह त्याच्या अंगणात. त्या मोहाची फुलं वाळवून आम्ही पावसाळ्यात खायचो. माझी सासू गुणाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून फागुनात त्या झाडाखालचा पाला जाळायची, जागा झाडून लख्ख करायची आणि चैतात पहाटे टोपली घेऊन बसायची. तिच्या अंगावर दागिना नव्हता, पण मोह होता.

आषाढात मोहाच्या टोळ्या, म्हणजे त्याची फळं, पडायला लागल्या. त्यांचं तेल निघतं. सासूबाई नेहमीसारख्या वेचायला गेल्या, मध्ये आलेल्या कांड्या हातानं बाजूला सारल्या, आणि एक कांडी मोडून दूध थेट डोळ्यात उडालं. त्यांची किंकाळी ऐकून मी धावले. घागरभर पाणी ओतलं तरी आग जाईना. डोळा सुजून बंद झाला. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "माया कुपात हात घालाले कोनी सांगतलं होतं?"

त्या क्षणी मला तो माणूस शेणातल्या किड्याहून हलका वाटला.

मी नवऱ्याला ढकलून सोमाजीकडे पाठवलं. सोमाजी म्हणजे आमच्या गावचा पंच. तो आला, गुणवंतरावांच्या ओसरीवर बसला, चहा प्याला. चहा तेव्हा गावात नवीन होता. बशीतला शेवटचा घोट संपला आणि सोमाजीचा न्याय झाला: "शेर जिता जीव हाये, बाई. त्याले कोन अडवनार?" एक कप चहाला विकला गेलेला पंच मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पुढं पुष्कळ पाहिले, पण ते निदान दोन कप तरी घ्यायचे.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दारापुढे पळसाच्या फांद्या रोवतात, त्यांना मेढे म्हणतात. घरातली सगळी रोगराई मेढ्यात उतरते. दुसऱ्या दिवशी, रोगराई हाकलायच्या मारबतीच्या सकाळी, ज्याचा मेढा त्यानं उपटायचा, शिवेबाहेर फेकायचा आणि मागं न पाहता परतायचं. उन्हं वर येईपर्यंत मेढा राहिला, तर रोग वर्षभर त्याच घरात. आणि फेकलेलं, म्हणजे तो रोगच, परत घरी आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पोळ्याच्या संध्याकाळी सगळे बैलांमागे गेले. मी हाताला फडकं गुंडाळून नव्या रांगेतल्या एकेका कांडीला पळसाची डहाळी बांधली. रांगच्या रांग मेढे!

सकाळी पोरं ओरडत निघाली, "खासी-खोकला घेऊन जाय वो मारबत!" मी रांगेपाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"गुणवंतराव भाऊ, हे मेढे कोनाचे? तुमचे का आमचे?"

तो टोपी सावरत बाहेर आला. पळस पाहिला. आपले म्हणावे तर आपणच उपटायचे. आमचे म्हणावे तर जागा आमची. सोमाजीही लोकांत उभा होता. त्याला त्या दिवशी चहा मिळालेला नव्हता, त्यामुळे तो आभाळाकडे पाहत होता.

"बोला ना भाऊ. ऊन वर येऊन राह्यलं."

तेवढ्यात घरातून त्याची बायको कलाबाई पदर खोचून धावली. तिच्या नातीला महिनाभर खोकला होता. "कोनाचे का असंनात! मायी नात खोकलून राह्यली अन् तुमी टोपी काय सावरता?" म्हणत तिनं हाताला लुगड्याचा पदर गुंडाळला आणि रांग उपटायला घेतली. मीही वाकले. जमलेल्या बायाही लागल्या. गुणवंतराव मागून पुटपुटत होता, "हळू, मुळं तुटतीन." घरात नात खोकत होती आणि ह्याला मुळांची काळजी!

ढीग शिवेबाहेर पडला. आणि शेरच तो, तिथंच रुजला.

चैतात मोह टपटपला. बाई झाडाखाली बसल्या होत्या. एका डोळ्यावर कायमचं धुकं आलं होतं, म्हणून हातानं चाचपून फुलं वेचत होत्या. गुणवंतराव जुन्या रांगेपलीकडे येऊन उभा राहिला, घसा खाकरला. मला वाटलं, आता तरी डोळ्याची चौकशी करील. माणूस आहे शेवटी.

तो म्हणाला, "गुणाबाई, शिवेवर शेराचं कुप मस्त लागलं हाये. ते मायंच होय ना?"

बाईंनी मान वर केली नाही. टोपलीत फुलं टाकत म्हणाल्या, "तुयंच होय, बापा. जाय, घरी घेऊन ये."

तो दोन पावलं मागे सरला.